बिनटपाची मोटार आणि तिची किंमत

लासलगांवच्या कांदाबाजारांत लिलावासाठीं उभी असलेली ट्रॅक्टरची ट्रॉली श्रोत्यांनीं पाहिली असेल. मागचा फाळका उघडला, बाजूच्या फळ्या उतरविल्या, तरी ती वाकत नाहीं. कारण सारा भार खालच्या दोन लांब लोखंडी तुळया वाहत असतात. फळ्यांचें काम कांदा सांडूं न देणें, एवढेंच. आतां घरांतील जोड्यांची पुठ्ठ्याची पेटी घ्यावी. झांकण घट्ट बसविलेलें असतां ती पिळूं गेल्यास दाद देत नाहीं. झांकण निघालें कीं तिचे कोपरे सहज वळतात. बिनटपाच्या मोटारीचें शास्त्र, आणि बऱ्याच अंशीं तिची किंमतही, या दोन वस्तूंमधील फरकांत आहे.

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें 17 एप्रिल 1964 रोजीं ‘मस्टँग’ ही मोटार बाजारांत आणली. पत्र्याच्या टपाची गाडी 2,368 डॉलरांना, तर कापडी टप मागें दुमडतां येणारी गाडी 2,614 डॉलरांना मिळे. पत्रा जाऊन कापड आलें तरी किंमत चढली, हें चमत्कारिक वाटेल. परंतु मस्टँगला ट्रॉलीसारख्या तुळया नाहींत. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. टप गेला म्हणजे झांकण गेलें. मग दारांखालचा भाग जाड पत्र्याचा करावा लागतो, तळाला जादा बंध द्यावे लागतात. वजन वाढतें आणि तेंच इंजिन अधिक ओझें ओढूं लागतें.

हीच मस्टँग 2016 सालीं भारतांत आली, ती बंद टपाची. इंजिन 4,951 घन सेंटीमीटरांचें, शक्ति सुमारें 400 अश्वशक्ति. आठ नळकांडीं चार-चारच्या दोन तिरप्या रांगांत बसविलेलीं. त्यामुळें इंजिन आंखूड राहतें. किंमत 65 लाख रुपये. नोंदणी व विमा निराळा. अमेरिकेंत हिचीच किंमत त्या वेळच्या दरानें सुमारें बावीस लाख पडे. तीन हजार घन सेंटीमीटरांहून मोठ्या पेट्रोल इंजिनाची तयार गाडी परदेशांतून आणल्यास तेव्हां 100 टक्के जकात होती, आणि तिच्यावर आणखी कर. शंभरांतील किती रुपये इंजिनाचे आणि किती सरकारचे, याचा हिशेब गृहिणीही करूं शकेल!

उघड्या मोटारीचें दुसरें अमेरिकन घराणें साधें आहे. महायुद्धांतील विलीज जीपला चार नळकांड्यांचें, 2.2 लिटरचें, 60 अश्वशक्तीचें इंजिन होतें. तिच्या पोटाखालीं ट्रॉलीप्रमाणेंच दोन तुळया; म्हणून टप कापडी असला तरी बिघडत नसे. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीनें मुंबईस माझगांव येथें हिची जुळणी सुरू केली. त्याच वंशांतील नवी ‘थार’ 2 ऑक्टोबर 2020 रोजीं बाजारांत आली. ती तयार होते लासलगांवपासून सुमारें साठ किलोमीटरांवरील नाशिकला. आरंभींच्या किंमती 9.80 ते 13.75 लाख होत्या, आणि त्यांत दुमडत्या कापडी टपाचाही प्रकार होता. पेट्रोल इंजिन अवघें 1,997 घन सेंटीमीटरांचें. शक्ति मात्र 150 अश्वशक्ति. बाहेर पडणाऱ्या धुरानेंच एक चक्र फिरतें व तें नळकांड्यांत जास्त हवा दाबून भरतें. हवा जास्त, म्हणून जळणही जास्त.

अर्थात् तुळयांनीं सर्व कांहीं साधत नाहीं. गाडी उलटल्यास डोकें वांचावें म्हणून आंत पोलादी नळ्यांचा पिंजरा द्यावा लागतो. शिवाय अशी गाडी उंच व जड असते. वळणावर तिला शर्यतीची मोटार समजूं नये. आणि कापडी टपांतून बाजारदिवशीं कांद्याचीं टरफलें आंत येणारच.

खरा धोका वेगळाच आहे. हौशी तरुण जुनी बंद मोटार कारागिराकडून कापवून ‘उघडी’ करून घेतात. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम नोंदणीशीं विसंगत असा फेरबदल मना करतें. पण कायदा बाजूस ठेवला तरी पेटीचें झांकण गेलें, बंध मात्र कोणी घातले नाहींत, अशी ही स्थिति. अशा मोटारीचें दार कांहीं दिवसांनीं खडबडीत रस्त्यावर नीट लागेनासें होतें. सांगाडा पिळला जात असल्याचें तें पहिलें चिन्ह होय.