फळाची साखर आणि पोत्याची साखर



नाथषष्ठीच्या यात्रेत फाल्गुनाचे ऊन मी म्हणत असते. अशा वेळी रसवंतीवर आपण उभे राहतो. गडी ऊस चरकात घालतो, आले-लिंबू टाकतो, बर्फ घालू की नको ते विचारतो आणि पेला पुढे करतो. त्या पेल्यावर चिठ्ठी नसते आणि तिची गरजही नसते, कारण सगळे आपल्या डोळ्यांदेखत झालेले असते. पण तोच रस चार महिन्यांपूर्वी, हजारो मैलांवर काढून, आटवून, पुन्हा पाणी घालून, खोक्यात बंद करून समोर आला तर? आत काय आहे हे सांगणारा साक्षीदार एकच उरतो, आणि तो म्हणजे खोक्यावरचे लेबल. या साक्षीदाराने खोटे बोलू नये म्हणून युरोपातील देशांनी गेली पन्नास वर्षे नियम केले आणि वरचेवर बदलले. त्या नियमांची माहिती सभासदांस व्हावी, म्हणून हा लेख.

“आमच्या उसाला याचं काय?” असे कोणी म्हणेल. आहे, संबंध आहे. “युरोपात ज्यूसमध्ये साखर घालायला बंदी” अशी बातमी कानावर आली की ऊसवाल्याच्या पोटात गोळा येणे साहजिक आहे. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या शिवारात एका बांधाला ऊस तर दुसऱ्या बांधाला मोसंबी आहे. एकाच घरात साखरही पिकते आणि फळही. तेव्हा बंदी कशावर आहे आणि कशावर नाही, हे नीट समजून घेतलेले बरे.

नियम आला कुठून?

आपल्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी झाले. त्याच्या तीनच महिने आधी, १७ नोव्हेंबर १९७५ रोजी, युरोपच्या सामाईक बाजारपेठेतील देशांनी फळांच्या रसाबद्दल पहिला एकत्रित नियम केला. एका देशात ज्याला ‘रस’ म्हणत त्याला दुसऱ्या देशात नुसते ‘सरबत’ म्हणत, त्यामुळे व्यापारात भांडणे होत. म्हणून रस कशाला म्हणावे याची एकच व्याख्या ठरविण्यात आली. सन २००१ मध्ये हे नियम नव्याने लिहिले गेले. त्यावेळी साखर, मध, फळांचा रस, जॅम आणि आटविलेले दूध अशा न्याहारीच्या पदार्थांचे नियम एकदमच झाले. त्यात आपली साखरही होती, हे ध्यानात घ्यावे. पांढऱ्या साखरेचे ध्रुवण ९९.७ अंशांपेक्षा कमी नको आणि ओलावा ०.०६ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे जी शिस्त रसाला, तीच साखरेलाही.

साखर घालावी की घालू नये?

सन २००१ च्या नियमाप्रमाणे बहुतेक फळांच्या रसात साखर घालता येत असे. आंबटपणा सावरण्यासाठी लिटरला १५ ग्रॅमपर्यंत, आणि गोडी आणण्यासाठी लिटरला १५० ग्रॅमपर्यंत. गोडीसाठी घातली तर मात्र नावातच ‘साखर घातलेला’ असे लिहून किती ग्रॅम तेही छापावे लागे.

मग सन २०१२ मध्ये नियम बदलला. ज्या खोक्यावर ‘फळांचा रस’ असे नाव असेल त्यात बाहेरची साखर अजिबात घालायची नाही, असे ठरले. जुना माल खपविण्यास २८ एप्रिल २०१५ पर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर युरोपातील ‘रस’ म्हणजे फक्त फळाची साखर, पोत्याची नाही.

पण याला ‘साखरेवर बंदी’ म्हणणे चूक आहे. त्याच नियमात ‘नेक्टर’ नावाचा दुसरा पदार्थ आहे. त्यात रस किंवा गर, पाणी आणि साखर असे तिन्ही असते, आणि साखर एकूण वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत चालते. फक्त फळ किती असावे ते ठरवून दिले आहे. आंबा, पेरू, केळी, लिंबू यांच्या नेक्टरमध्ये किमान २५ टक्के. संत्रा-मोसंबीसारख्या फळांच्या नेक्टरमध्ये किमान ५० टक्के. म्हणजे बंदी साखरेवर नसून ‘रस’ या शब्दाच्या गैरवापरावर आहे. साखर घाला, पण मग त्याला रस म्हणू नका, एवढेच त्याचे म्हणणे.

आता फळाच्या साखरेवरही नजर

१४ मे २०२४ रोजी युरोपीय संघाने पुढचे पाऊल टाकले आणि अंमलाची तारीख १४ जून २०२६ ही ठरविली. ‘साखर कमी केलेला फळांचा रस’ असा नवा प्रकार त्यात आला आहे. फळात मुळातच असलेली साखर किमान ३० टक्क्यांनी कमी करायची. त्यासाठी सूक्ष्म पडद्यातून गाळणे किंवा यीस्टने आंबविणे अशा पद्धती मान्य आहेत. मात्र साखर काढून तिच्या जागी दुसरा कृत्रिम गोडवा घालायचा नाही. साध्या रसाच्या खोक्यावर ‘फळांच्या रसात फक्त नैसर्गिक साखर असते’ असे छापण्यासही परवानगी मिळाली आहे.

फळाची साखर का काढायची, असा प्रश्न कोणालाही पडेल. एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, संत्र्याच्या रसात १६ ते २० ग्रॅम साखर असते. म्हणजे साधारण चार चहाचे चमचे. फळ चावून खाल्ले तर चोथा पोटात जातो आणि दोन फळांत माणूस थांबतो. रस मात्र तीन-चार फळांचा घटकेत पिऊन होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने सन २०१५ मध्ये ‘मोकळी साखर’ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले, आणि या मोकळ्या साखरेत वरून घातलेल्या साखरेबरोबर फळांच्या रसातील साखरही धरली. तेव्हा एकट्या उसाच्या साखरेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, असे समजण्याचे कारण नाही.

ब्रिक्स आपल्याला नवे नाही

युरोपात विकला जाणारा पुष्कळसा रस ‘आटविलेल्या रसापासून’ केलेला असतो. त्यातील संत्र्याचा रस मुख्यतः ब्राझीलमधून येतो. ही क्रिया उसवाल्याला सांगण्याची गरज नाही. कारखान्यात गाळलेला रस इव्हॅपोरेटरच्या एका भांड्यातून दुसऱ्यात जाता जाता आटतो आणि सुमारे ६० ब्रिक्सचा पाक होतो. संत्र्याचा रसही असाच ६५ ब्रिक्सच्या आसपास आटवितात. पाण्याचे भाडे वाचते. युरोपात पोचल्यावर तेवढे पाणी परत घालतात.

इथेच चोरीला वाव असतो. हिशेब करून पाहा. ६५ ब्रिक्सच्या १ किलो आटविलेल्या रसात ६५० ग्रॅम विद्राव्य घटक आहेत. नियमाप्रमाणे संत्र्याचा रस किमान ११.२ ब्रिक्सचा हवा. त्या मापाने १ किलोपासून सुमारे ५.८ किलो रस होतो. कोणी पाणी वाढवून १० ब्रिक्सवर आणला तर साडेसहा किलो होतो. म्हणजे किलोमागे ७०० ग्रॅम पाणी रसाच्या भावाने विकले गेले. ते होऊ नये म्हणून प्रत्येक फळाचा किमान ब्रिक्स ठरवून दिला आहे: संत्रा ११.२, आंबा १३.५, पेरू ८.५, अननस १२.८, द्राक्ष १५.९. थेट फळातून काढलेल्या रसाला मात्र हा आकडा लागू नाही. त्याचा ब्रिक्स फळात जो असेल तोच ठेवायचा, त्यात ढवळाढवळ करायची नाही. आणि खोक्यातील रस थेट फळाचा की आटविलेल्या रसापासून केलेला, ते लेबलवर लिहावेच लागते.

जाता जाता एक गंमत. या नियमात टोमॅटो हे फळ धरले आहे. ऊस मात्र खोड असल्यामुळे त्याचा रस या नियमाच्या बाहेर राहिला.

आपली मोसंबी तिथे कोण?

आपण इंग्रजीत मोसंबीला ‘स्वीट लाइम’ म्हणतो. हे नाव दिशाभूल करणारे आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे आपली मोसंबी ही ‘सिट्रस सायनेन्सिस’, म्हणजे गोड संत्र्याच्या जातीची. युरोपच्या यादीत ‘ऑरेंज’ म्हणून जे फळ आहे ते हेच. उलट नागपुरी संत्रा ‘सिट्रस रेटिक्युलाटा’ असल्यामुळे तिथे ‘मँडरिन’ ठरतो. तिथला ऑरेंज ज्यूस पैठणच्या मोसंबीच्या जवळचा, नागपूरच्या संत्र्याच्या नव्हे! जालन्याच्या मोसंबीला सन २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही ‘स्वीट ऑरेंज’ याच नावाने. कागदपत्रावर ‘स्वीट लाइम’ असे लिहिले की परदेशी माणूस दुसरेच फळ समजतो. नावाची चूक मग मालाला भोवते.

दुसरी अडचण प्रत्येक बागाईतदाराला ठाऊक आहे. मोसंबीचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. रसातील ‘लिमोनिन’ हे त्याचे कारण. घरी आपण चमचाभर साखर घालून तो कडवटपणा झाकतो. युरोपातील ‘रस’ या नावाखाली आता ही वाट बंद आहे. मात्र विशिष्ट शोषक पदार्थ वापरून कडवटपणा कमी करण्यास तिथला नियम परवानगी देतो, फक्त रसातील साखर आणि आंबटपणा त्याने बिघडता कामा नये. नाहीतर सरळ नेक्टर करावे: निम्मा रस, त्यात साखर, आणि तसे स्पष्ट लेबल. ऊस आणि मोसंबी दोन्ही एका खोक्यात नांदू शकतात ते असे.

आपल्या देशात काय?

आपल्याकडे सन १९५५ च्या फळपदार्थ आदेशापासून नियम आहेत. आता सन २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू आहे. आपला नियम रसात साखर घालू देतो, पण किलोला १५ ग्रॅमपेक्षा जास्त घातली तर ‘गोड केलेला रस’ असे लेबलवर लिहिले पाहिजे. तयार पेयात फळाचा अंश किमान १० टक्के असावा लागतो, लिंबाच्या पेयात ५ टक्के. म्हणजे फळाचे चित्र असलेल्या बाटलीत नऊ हिस्से दुसरेच काही असू शकते. जून २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आटविलेल्या रसात पाणी घालून केलेल्या मालावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असे छापू नये, जाहिरातीतही म्हणू नये, असे कंपन्यांस कळविले. मुख्य घटक पाणी असताना शंभर टक्के म्हणायचे कसे, हा त्यामागचा साधा विचार.

सभासदांनी काय करावे?

आपल्या तालुक्यात पाचोडला मोसंबीचा बाजार भरतो. वाहेगाव-धनगाव भागात सन २०१८ मध्ये मेगा फूड पार्कही सुरू झाला. उद्या एखादा बचत गट किंवा शेतकरी कंपनी रसाचा छोटा धंदा काढील. त्यांनी तीन गोष्टी पहिल्यापासून पाळाव्यात.

एक, बागेतच ब्रिक्स मोजावा. उसाची पक्वता पाहण्याचे हातातले रिफ्रॅक्टोमीटर मोसंबीलाही चालते. चार झाडांची, चारही बाजूंची फळे घेऊन सरासरी काढावी. भाव तेजीत आहे म्हणून कच्ची फळे तोडली की ब्रिक्स पडतो आणि रसवाला माल नाकारतो.

दोन, फवारणीची वही ठेवावी. कोणते औषध, कोणत्या तारखेला, तोडणीच्या किती दिवस आधी, हे लिहिलेले असावे. परदेशी गिऱ्हाईक रसाच्या आधी औषधाचा अंश तपासते.

तीन, जे आत आहे तेच बाहेर छापावे. पाणी घातले तर पाणी लिहा, साखर घातली तर साखर लिहा. साखर लपविण्याची वस्तू नाही. आपल्या घामाची आहे. लपविली की मात्र ती चोरी ठरते आणि बदनामी साखरेची होते.

सन २०१२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या. टँकरच्या पाण्यावर जगविलेल्या झाडांपुढे शेवटी कुऱ्हाड घेऊन उभे राहण्याची पाळी कित्येकांवर आली. त्यानंतर ज्यांनी पुन्हा लागवड केली, त्यांच्या फळाला नुसत्या टनाच्या भावाने विकून भागणार नाही. फळाचा रस व्हावा आणि रसाला नाव मिळावे, हीच पुढची वाट आहे. पण नाव टिकते ते मापावर आणि खरेपणावर. काट्यावर आपल्या उसाचे वजन चोख व्हावे असा आग्रह आपण धरतो. दूर देशी खोके फोडणारा माणूसही आपल्याकडून तेवढेच मागतो आहे. त्याची मागणी परकी समजू नये.

जय सहकार!