पाहुणे आणि यजमान : ब्रिटनची ‘होम्स फॉर युक्रेन’ योजना

• सुरुवात : मार्च २०२२.

• यजमान : युक्रेनमधून आलेल्या पाहुण्यांना रिकामी खोली किंवा घर किमान ६ महिने देणारे. भाडे घ्यायचे नाही. सरकारकडून महिन्याला ३५० पौंड ‘आभार-रक्कम’. पाहुणे कितीही असोत, रक्कम घरटी एकच.

• स्थानिक कौन्सिल : घराची पाहणी, यजमानांची चारित्र्य-पडताळणी, मुलांचे शाळाप्रवेश. इंग्लंडमध्ये आल्याआल्या पाहुण्यांना माणशी २०० पौंड.

• निर्वासित की पाहुणे? सर्वाधिक गल्लत इथेच होते. बोलीभाषेत निर्वासित, कायद्याने मात्र तात्पुरत्या वास्तव्याची परवानगी असलेले. सुरुवातीला ही मुदत ३ वर्षांची होती. नोकरी, शिक्षण, सरकारी आरोग्यसेवा पहिल्या दिवसापासून खुली. कायमच्या वास्तव्याचा हक्क यातून मिळत नाही.

• मुदतवाढ : फेब्रुवारी २०२५ पासून आणखी १८ महिन्यांसाठी अर्जाची सोय.