झाडाचे दान, जमिनीचा सवाल

ज्यू घरात मूल जन्मले, तेराव्या वर्षी मुलाचा बार मिट्झवा झाला, लग्न लागले किंवा कुणी वारले, की आप्तेष्ट झाडाचे प्रमाणपत्र पाठवतात. तुमच्या नावाने इस्रायलमध्ये एक झाड लावले, असा त्याचा मजकूर. टॉवेल-टोपीच्या आहेरात पैसा घालणाऱ्या आपल्या समाजाला आवडावी अशीच ही रीत. तिची मुळेही जुनी आहेत. मूल झाले की झाड लावायचे आणि पुढे त्याच्या लग्नात त्याच झाडाच्या फांद्यांचा मांडव घालायचा, अशी चाल तालमूदमध्ये नोंदलेली आहे. शत्रूच्या नगराला वेढा घातला तरी तिथली फळझाडे तोडू नका, असे तोरा बजावते.

१९०१ मध्ये बाझल येथील झायोनिस्ट काँग्रेसमध्ये ज्यू राष्ट्रीय निधी स्थापन झाला. पॅलेस्टाईनात जमीन घेण्यासाठी त्याच्या निळ्या पेट्या घरोघरी गेल्या आणि साध्या माणसांनी त्यांत नाणी टाकली. वर्गणीवर चळवळ चालवणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको. हिटलरने मारलेल्या साठ लाखांच्या स्मरणार्थ जेरुसलेमजवळच्या डोंगरांत साठ लाख झाडांचे वन १९५१ पासून उभे करण्यात आले. ज्यांना कबरही मिळाली नाही, त्यांच्यासाठी झाडे! तिथे मान आपोआप लवते.

पण झाडाला जमीन लागते. १९०८ मध्ये थिओडोर हर्झल यांच्या स्मरणार्थ देणग्यांतून ऑलिव्हची बाग लावायला घेतली. रोपे अरब मजुरांनी लावली म्हणून ज्यू मजुरांनी ती उपटली आणि स्वतःच्या हातांनी पुन्हा लावली. सवर्णांनी १९२७ मध्ये केलेले महाडच्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ इथे आठवतेच. अर्थात त्या बागेत कारण विटाळाचे नव्हते, मजुरीचे होते. ज्यू भूमी ज्यू श्रमानेच उभी राहावी, हा आग्रह होता. हा फरक प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. तरीही लावणारा हात कोणाचा, यावरून रोप उपटले गेले.

आज इस्रायलची सुमारे १३ टक्के जमीन या निधीच्या मालकीची आहे. सरकारी जमीन वाटताना ज्यू-अरब भेद करता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये कादान खटल्यात दिला. त्यानंतर निधीच्या जमिनीचा प्रश्न कोर्टात गेला. निधीचा बचाव असा की, पैसा ज्यू दात्यांचा आहे, आमची निष्ठा ज्यू जनतेशी आहे, सर्व नागरिकांना समान वागवण्याचे बंधन आमच्यावर नाही. वकिलाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो. तळे चौधरींच्या खासगी मालकीचे आहे, असाच महाडच्या दाव्यात सवर्णांचा युक्तिवाद होता. तो मुंबई हायकोर्टाने १९३७ मध्ये फेटाळला, बाबासाहेब जिंकले. समतेला बगल द्यायची असली की मालकी पुढे केली जाते.

लॅट्रून भागातील इम्वास, यालू आणि बैत नुबा ही तीन पॅलेस्टिनी गावे १९६७ च्या युद्धात जमीनदोस्त झाली, माणसे हुसकली गेली. पुढे कॅनडातील ज्यूंच्या देणग्यांतून तिथे ‘कॅनडा पार्क’ झाले. बागेत दात्यांची नावे झळकत होती, गावांची मात्र कुठेच नव्हती. जोखरोत ही संस्था याविरुद्ध कोर्टात गेली. ती इस्रायली ज्यूंनीच २००२ मध्ये काढलेली आहे, हे आपल्यातल्या सरसकट बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. कोर्टाची पायरी चढल्यावर गावांची नावे सांगणाऱ्या पाट्या लागल्या. थोड्याच दिवसांत कुणीतरी त्यांची नासधूस केली.