सदलगा, गळतगा, एकसंबा : दूधगंगाकाठची नावं

बोरगाव या नावाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. बोरी होत्या, गाव वसलं. महाराष्ट्रात या नावाची गावं ढिगानं सापडतील. पण निपाणी तालुक्यातलं हे बोरगाव आपल्या कामाचं आहे ते शेजाऱ्यांमुळे. एक दिवस मोकळा काढून निपाणी, अक्कोळ, गळतगा, भोज, बोरगाव, सदलगा, एकसंबा असा फेरा करावा. देवळं, वाडे आहेतच, पण निम्मी मजा पाट्या वाचण्यात आहे. जायचं ते हिवाळ्यात. पावसाळ्यात दूधगंगा-वेदगंगेवरचे लहान पूल पाण्याखाली जातात आणि मग भोजहून बोरगावला जायचं तर केवढा तरी वळसा पडतो.

बेळगावकडून महामार्गानं येणाऱ्याला पहिलं नाव लागतं ते तवंदी घाटाचं. इथलं जैन क्षेत्र मात्र स्तवनिधी. जुनं रूप तवनिधी. कन्नडात तवनिधी म्हणजे कधी न सरणारा ठेवा. तो शब्द कानाला अनोळखी झाला, तेव्हा कुणीतरी पुढं 'स' लावून त्याचं संस्कृत करून टाकलं. एस.टी.तला माणूस अजून तवंदीच म्हणतो, आणि माझ्या मते मूळ नावाला तोच जास्त जवळ आहे.

पुढं निपाणी. मराठी कानाला हे नि-पाणी, म्हणजे कोरडं गाव. संस्कृत कोश उघडला तर निपान म्हणजे विहिरीशेजारचं गुरांना पाणी पाजायचं डोण. एकाच नावातून पाणी नसलेलं गाव निघतं आणि पाणवठाही निघतो! कन्नड पाटीवर पुन्हा 'प' दुहेरी, निप्पाणी. नुसत्या आवाजावरून अर्थ लावायला बसलं की असं होतं.

आता ही नावं एका दमात म्हणून बघा : सदलगा, गळतगा, कारदगा, सौंदलगा. इतक्या लहान टापूत शेवटी 'गा' असलेली चार गावं. गळतगा म्हटलं की आपल्याला गळती आठवते, आणि तिथंच वाट चुकते, कारण एकट्या गावाचं नाव फोडून उपयोग नाही. शेपूट सगळ्यांचं एकच आहे, तेव्हा ते ओळीनंच तपासायला हवं.

याची किल्ली एकसंब्यात आहे. 'एक शंभू' अशी फोड कुणालाही सहज सुचेल. पण इथल्या नेमिनाथ बसदीच्या शिलाहारकालीन, १२व्या शतकातल्या लेखात गावाचं नाव आहे एक्कसंबुगे. शंभू तिथं नाही, शेवटी 'गे' आहे. कन्नड मुलखातल्या जुन्या गावनावांत हे 'गे' वारंवार भेटतं. एकसंब्यानं आपलं शेपूट वाटेत टाकलं. सदलगा-गळतग्यानं ते 'गा' करून जपलं असावं, असा माझा तर्क आहे.

हे सांगताना जरा जपून बोलावं लागतं. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६७ च्या महाजन अहवालानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं, ते झालं नाही. तेव्हापासून गावाचं नाव म्हणजे पुरावा, असा वाद दोन्हीकडून चालतो. शं. बा. जोशी यांनी 'मऱ्हाटी संस्कृती' हे पुस्तक मराठीतच लिहून स्थलनामांमागचा कन्नड थर दाखवला, त्यावरही आपल्याकडे बरेच कपाळाला आठ्या घालून बसले. मला विचाराल तर आठशे वर्षांपूर्वीचं नाव आज घरात कुठली भाषा बोलतात ते सांगत नाही, आणि आजची भाषा नावाचं मूळ सांगत नाही. आपण अडकित्ता आणि तूप म्हणतो, अण्णा आणि अक्का म्हणतो, तेव्हा कुठं कुणाची परवानगी काढतो? उलट बोरगावचं बघा. कन्नड लिपीतल्या पाटीवरही 'बोरगांव'च आहे, आपलं जुनं अनुस्वाराचं 'गांव' तिथं शाबूत आहे. मराठी पुस्तकांनी तो अनुस्वार कधीच टाकला.

वेळ उरला तर चिक्कोडीकडं वळा. चिक्क म्हणजे लहान, हिरे म्हणजे थोरलं. जवळच हिरेकोडी आहे, म्हणजे जोडी जमली. कोडी म्हणजे तळ्याचं जादा पाणी निघून जातं ती जागा, आम्ही ज्याला सांडवा म्हणतो ती. माझा जन्म सांडवे मोजण्यात गेला, त्यामुळे हा अर्थ मला फार पटतो. तेवढा पक्षपात वाचकांनी वजा करावा.

नदीकाठी मराठी शब्दही टिपण्यासारखे आहेत. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या गाळ्यांत पावसाळ्यानंतर ज्या फळ्या बसवतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात, त्यांना बरगे म्हणतात. 'बरगे काढले का?' हा इथला मे महिन्यातला रोजचा प्रश्न. सरकारी कागदांत तो शब्द आहे, पण शहरातल्या किती जणांना ठाऊक असेल?

दूधगंगेत वेदगंगा मिळते ती भोजजवळ. दोघी मिळून पुढं कृष्णेला भेटतात, त्या जागेच्या गावाचं नाव कल्लोळ. संस्कृतात कल्लोल म्हणजे मोठी लाट, आणि कन्नडात कल्लु म्हणजे दगड. काठावर उभं राहिलं तर दोन्ही समोर दिसतात.