गावानं निवडलेली बाई

परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ४८ जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच लागलेलं होतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला (२०१९-२१) हा आकडा. राज्याची सरासरी २२ च्या आसपास असताना आपला जिल्हा या यादीत सगळ्यात वर होता. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मुकादम उचल देतो ती जोडीला. घरात पोराचं लग्न उरकलं की एक कोयता वाढतो, हा हिशेब या आकड्याच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक आहे.

सतराव्या वर्षी दिवस गेलेली पोर आपलं दुखणं कुणाला सांगते? अंगावरून पांढरं जातंय, पाळीत फार रक्त जातंय, पोटात कळ येतेय, हे सासूला सांगायची चोरी असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरुष डॉक्टर असले तर तिथे तोंड उघडत नाही. खाजगी दवाखान्यात गेलं तर कधी कधी एकच सल्ला मिळतो, गर्भाशयाची पिशवी काढून टाका. तिचं ऐकून घेणारं कुणीतरी तिच्याच गल्लीत असायला हवं. महाराष्ट्रात ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी एकदा नीट उभी राहिली होती, आणि तीही आपल्यापासून फार लांब नाही. बीड जिल्हा ओलांडला की जामखेड लागतं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. आधी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात त्यांनी काही वर्षं काढली होती. एकच पेशंट तोच टाळता येण्यासारखा आजार घेऊन पुन्हा पुन्हा येतो, हे तिथे दिसल्यावर त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि मुद्दाम दुष्काळी मुलूख निवडला. लोकांनी आधी दवाखाना मागितलाच नाही, पाणी आणि अन्न मागितलं. म्हणून कामाची सुरुवात कूपनलिका आणि पोरांच्या जेवणापासून झाली. अनेक ठिकाणी बोअर दलित वस्तीत घेतले गेले आणि गावातल्या सगळ्या जातींच्या बायका हंडा घेऊन तिथे येऊ लागल्या. आरोग्याच्या कामात जात कुठून आली, असं विचारणाऱ्यांनी हे पाहावं. ज्या वस्तीत पाणी भरायला कुणी जात नाही, तिथे बाळंतपणाला कोण जाणार होतं?

पुढचा टप्पा चुकला, आणि मला तो या इतिहासातला सगळ्यात मोलाचा वाटतो. आरोळे दांपत्यानं शिकलेल्या, प्रशिक्षित परिचारिका गावात राहायला पाठवल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेली, वेगळं बोलणारी, एकटी राहणारी तरुण मुलगी गावाला आपली वाटेना आणि तिलाही तिथे सुरक्षित वाटेना. तेव्हा एका सरपंचानंच सुचवलं, आमच्याच गावातली बाई घ्या आणि तिला शिकवा. त्यातून ग्रामआरोग्य सेविका उभ्या राहिल्या. बहुतेक मध्यम वयाच्या, लेकुरवाळ्या, बऱ्याच निरक्षर, आणि कितीतरी दलित. काही नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. त्यांना पगार नव्हता. गावानं निवडायचं आणि तिनं गावासाठी झिजायचं, असा तो करार होता.

या बायकांना दोन आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन हातात औषधांची पिशवी टेकवली असती, तर हे काम दोन वर्षांत विरलं असतं. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, गावात काय घडलं ते सांगायच्या, नवं शिकायच्या आणि परत जायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. सवर्ण आणि दलित बायका एकत्र जेवल्या, एकाच खोलीत झोपल्या. गरोदर बाईनं कमी खावं म्हणजे पोर लहान राहतं आणि बाळंतपण सोपं जातं, असा समज घरोघरी होता. ग्रहणात तिनं हालायचं नाही, चिरायचं-कापायचं नाही, हाही होता. डॉक्टरनं सांगून असले समज जात नाहीत. जी स्वतः पोटुशी असताना अर्धपोटी राहिली, तिनं शेजारणीच्या चुलीपाशी बसून सांगितलं तरच जातात. नाळ स्वच्छ पात्यानं कापणं, पायावरची सूज ओळखणं, पोर आडवं आहे हे हातानं जोखणं आणि वेळीच जामखेडला पाठवणं हे सगळं त्यांनी आत्मसात केलं.

याच काळात सरकार कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं पुरी करत होतं. आणीबाणीत, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं मंजूरसुद्धा केलं. पुढे ते अमलात आलं नाही, पण गावोगावी धसका बसला. जामखेडच्या गावांत सेविका बायकांशी पाळणा लांबवण्याबद्दल बोलत होत्या, कुणावर बळजबरी न करता. पोरं जगतील याची खात्री पटल्यावर बायका आपणहून पुढे आल्या. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत होती. १९९३ पर्यंत हा आकडा १९ वर आला आणि कुटुंबनियोजन करणारी जोडपी शंभरात एकाहूनही कमी होती ती साठापर्यंत गेली. १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुक्ताबाई पोळ या सेविका १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांना झुंबर म्हटलं, सुंदर पण महाग आणि हाती न लागणारं. आपण साधी पणती, एकीवरून दुसरी लागणारी, असं त्यांनी सांगितलं.

बायका बोलत नाहीत म्हणून त्यांना त्रास नाही असं मानणाऱ्यांना उत्तर गडचिरोलीतून मिळालं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. बंग दांपत्याच्याच 'सर्च' संस्थेनं पुढे गावातल्या आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू निम्म्यावर आणून दाखवले. मराठवाड्यात तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांनी सहकाऱ्यांबरोबर हॅलो मेडिकल फाउंडेशन उभारलं आणि गावच्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून घडवलं. आपल्या मातीत हे जमत नाही, असं म्हणायला जागा उरली नाही.

सरकारनं हा विचार दोनदा उचलला. २ ऑक्टोबर १९७७ ला देशभर सामुदायिक आरोग्यरक्षक योजना सुरू झाली. त्यात बहुतेक पुरुष निवडले गेले आणि बाळंतपणाचा प्रश्न होता तिथेच राहिला. दुसऱ्यांदा २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या. साधारण हजार लोकसंख्येमागे एक, आणि या वेळी बाईच. आज महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशाताई आहेत. गरोदरपणाची नोंद, लसीकरण, गोळ्या, तांबी, नवजात बाळाच्या भेटी, कोविडमधली घरोघरची पाहणी, सगळं त्यांच्या खांद्यावर. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला. पण कागदावर त्या आजही स्वयंसेविका आहेत, कामागणिक मोबदल्यावर. २०२३ च्या अखेरीला त्यांना संप करावा लागला, तेव्हा कुठे मोबदला वाढला.

जामखेडच्या सेविकेला पगार नव्हता, पण मागे दर आठवड्याला ऐकून घेणारे डॉक्टर होते, सोबतिणी होत्या, आणि गावानं आपल्याला निवडल्याचा मान होता. आशाताईच्या वाट्याला आठवड्याचा वर्ग आलाच नाही, रजिस्टर आणि मोबाइल आले. सेवाभाव मागायचा तर आधार द्यावा लागतो, आणि इतकं काम घ्यायचं तर वेतन द्यावं लागतं. दोन्ही नाकारणं हा अन्याय आहे.

त्याची किंमत ऊसतोडीच्या बायका मोजतात. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कामावर खाडा झाला तर दंड भरावा लागतो, फडावर संडास नाही, पाणी नाही. त्यामुळे पाळीच नको, असं तिशीतली बाई म्हणते. तिला दुसरा मार्ग सांगणारी आशाताई गावात राहिलेली असते आणि ही बाई शेकडो किलोमीटरवर कोपीत.

बीड जिल्ह्यात अलीकडे ऊसतोड बायकांमधूनच 'आरोग्य साथी' निवडून, त्यांना थोडं शिकवून आणि औषधपेटी देऊन टोळीबरोबर पाठवायला सुरुवात झाली आहे. गंगाखेड, पालमच्या टोळ्यांसाठीही हेच करायला हवं. माणसं उन्हाळ्यात परततात ती दसऱ्यापर्यंत गावात असतात. या महिन्यांत प्रत्येक टोळीनं आपल्यातली एक बाई निवडावी, उपकेंद्रात दर आठवड्याला तिचा वर्ग घ्यावा आणि त्याची मजुरी तिला द्यावी. पांढरं जाण्यावर औषध आहे, गरोदरपणी मोळी उचलायची नाही, पिशवी काढण्याआधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला विचारायचं, एवढं जरी तिनं शिकून फडावर नेलं तरी पुष्कळ बायकांच्या पिशव्या वाचतील.