काठावरच्या यजमानांचे ऋण

नर्मदेच्या परिक्रमेस निघणाऱ्याने गाठीला पैसा बांधू नये, असा जुना दंडक आहे. नदी सतत उजव्या हाताला ठेवावयाची, पात्र मध्येच ओलांडावयाचे नाही, आणि अमरकंटकच्या उगमापासून भडोचजवळच्या सागरसंगमापर्यंतचे दोन्ही काठ पायी चालावयाचे, अशी ही सुमारे २,६०० किलोमीटरांची वाट आहे. परंपरेने तिला ३ वर्षे, ३ महिने व १३ दिवसांचा अवधी सांगितला आहे. एवढा काळ रिकाम्या हाताने निघालेला मनुष्य जगतो कसा? याचे उत्तर काठावरच्या साध्या शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या चुलीपाशी सापडते.

दिवस कलताना अनोळखी माणूस ओसरीशी येऊन 'नर्मदे हर' म्हणतो. आतून विचारणा होते ती 'किती मूर्ती?' अशी. परिक्रमावासी या वाटेवर मूर्ती म्हणूनच मोजला जातो. मग कोणी शिजलेले अन्न वाढतो, तर कोणी सदावर्त, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा देतो. निजावयास ओसरी किंवा देवळाचा ओटा मिळतो. पहाटे पाहुणा निघून जातो आणि बहुधा पुन्हा कधीच दृष्टीस पडत नाही. परतफेडीची अपेक्षाच जेथे संभवत नाही, असे हे देणे आहे. आणि ज्याचे घर शेकडो कोस मागे राहिले, त्याला रात्रीपुरते घर लाभते ते या देण्यामुळेच.

मराठी वाचकास हे आतिथ्य अपरिचित नाही. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने ही वाट साहित्यात आणली, तर जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'ने कित्येक मराठी पावले तिच्याकडे वळविली. जुन्या यात्रेकरूंना धाक असे तो शूलपाणीच्या झाडीचा. तेथील भिल्ल वाटसरूस लंगोटीपर्यंत लुटतात, अशी त्या अरण्याची ख्याती होती. जेथे घरोघरी दोन वेळा चूल पेटण्याची शाश्वती नव्हती, तेथील लुटीस केवळ गुन्हा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. त्याच डोंगरांतल्या पाड्यांवर आज परिक्रमावासीयास चहा, भाकरी आणि आसरा मिळतो, ही गोष्ट अधिक ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु या यजमानांच्या वाट्यास काय आले? नर्मदा जलतंटा लवादाचा निवाडा १९७९ मध्ये झाला. सरदार सरोवराच्या बुडितक्षेत्रात महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली. १९९३ मध्ये मणिबेलीत पाणी शिरले. शूलपाणेश्वराचे पुरातन मंदिर जलाशयात गेले आणि देवासाठी गोरा येथे नवे मंदिर उभे राहिले. २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीचे धरण राष्ट्रास अर्पण झाले. गुजरात व राजस्थानच्या तहानलेल्या मुलखास त्याचे पाणी मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या परक्यांना घर दिले, त्यांच्यापैकी अनेकांना आपले घर, शेत आणि नदीचा काठ सोडून दूरच्या वसाहतींत परके म्हणून उतरावे लागले. त्यांच्या पुनर्वसनाचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळले.

नुकसानभरपाईच्या तक्त्यात जमीन, घर, झाडे यांना रकाने असतात. दारी आलेल्यास विन्मुख न पाठविणाऱ्या गावपणाला रकाना नसतो, कारण त्याचे मोल ठरविता येत नाही. मोल ठरत नाही म्हणून ते शून्य धरावे, हा हिशेब मात्र सुसंस्कृत समाजास शोभणारा नव्हे.

परिक्रमा पुरी झाली की ओंकारेश्वरास जल अर्पण करावे, कन्याभोजन घालावे, म्हणजे व्रताची सांगता होते. पण ज्यांच्या भाकरीवर हे व्रत पार पडले, त्यांचे ऋण तेवढ्याने फिटत नाही. या वाटेने जाऊन आलेले सुशिक्षित, नोकरदार, लिहिते-बोलते लोक आज महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. आपल्या यजमानाच्या पाड्यावर शाळा भरते काय, दवाखाना आहे काय, त्याच्या नावे जमीन लागली काय, एवढी चौकशी त्यांनी परतल्यावर चालू ठेवली, तरी शासनास ती टाळणे अवघड जाईल. ओसरीवर एक रात्र घर मिळालेल्याने त्या ओसरीच्या धन्यास आपल्या घरचा मानावे, एवढेच हे मागणे आहे.