विश्लेषण : पर्सेंटाइल सारखे, पण तयारी सारखी होती का?

पंढरपूरहून कुर्डुवाडी-बार्शीमार्गे रेल्वे लातूरला जाते. ‘लातूर पॅटर्न’साठी घर सोडणारा विद्यार्थी आणि गावातच राहून कॉलेज व मोबाइलवर अभ्यास करणारा विद्यार्थी, दोघांची गुणवत्ता यादी एकच. मग गुण जोखताना तयारीही पाहावी का?

पर्सेंटाइल काय सांगते?
सीईटीत ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हे. त्या सत्रातील ९० टक्के विद्यार्थ्यांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी, एवढाच त्याचा अर्थ. तिथवर पोहोचायला किती वर्षे आणि किती फी लागली, हे त्यातून कळत नाही.

सरावाने काय बदलते?
नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा. कोणता प्रश्न सोडायचा, हे सराव चाचण्यांतूनच उमगते. सीईटीत गुण वजा होत नाहीत. तिथे प्रश्न कोरा सोडणे हाच तोटा.

फरक किती पडतो?
अमेरिकेतील ‘सॅट’वरील २००९ च्या एका अहवालानुसार, शिकवणीमुळे १६०० पैकी सरासरी साधारण ३० गुणच वाढतात. नीटचे चित्र वेगळे आहे. प्रयत्नांना मर्यादा नसल्याने अनेक जण पुन्हा परीक्षा देतात. तमिळनाडूत २०१६-१७ मध्ये बारावीच्या गुणांवर प्रवेश होत, तेव्हा एमबीबीएसला पुनर्परीक्षार्थी सुमारे १२ टक्के होते. नीट लागू झाल्यावर २०२०-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ७१ टक्क्यांवर गेल्याचे न्या. ए. के. राजन समितीने नोंदवले.

मग प्रवेशात तयारी मोजावी का?
कोणी किती शिकवणी घेतली, हे तपासणे अशक्य आहे. शिवाय मेहनतीची शिक्षा कोणालाच होऊ नये. त्यामुळे तमिळनाडूने वेगळा मार्ग काढला. २०२० पासून तेथे सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी ७.५ टक्के वैद्यकीय जागा राखीव आहेत.

पालकांनी काय पाहावे?
क्लासविना पहिल्या प्रयत्नात मिळालेले ८५ आणि वर्षभराच्या क्लासनंतर मिळालेले ९२ पर्सेंटाइल, यांतील अंतर निव्वळ बुद्धीचे नसते. ‘रिपीट’साठी कर्ज काढण्यापूर्वी सराव चाचण्या तपासा. वेळ अपुरा पडत असेल, तर सराव वाढवून सुधारणा होऊ शकते. संकल्पनाच कच्च्या असतील, तर आधी पाठ्यपुस्तक पक्के करावे लागेल. आयआयटी कानपूरचे ‘साथी’ पोर्टल मोफत आहे. पात्र विद्यार्थ्यांसाठी ‘महाज्योती’चे मोफत प्रशिक्षणही आहे.

यादी जागा ठरवते. मुलाची कुवत ठरवताना मात्र त्याला मिळालेली तयारीही हिशेबात धरायला हवी.